तान्ह्यांचे तुटके बोल आणि स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांतले तुटके शब्द

तळ्याकाठचा (नौपाडा, ठाणे)

जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅनवरून संगणकाने ओळखून दिलेला मजकूर मूळ पानाशी ताडून पाहण्याचे काम मी मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयासाठी हौसेने करतो, आणि घरात पावणेदोन वर्षांची नात सध्या अखंड बोलत असते. दोन्हीकडे मला असे शब्द भेटतात, जे कोणत्याही कोशात सापडणार नाहीत. पडद्यावर 'रवाणे', 'मारतवर्ष', 'राष्ट्रा तील' आणि कडेला सुटून पडलेली एखादी वेलांटी. घरात 'तुते', 'नतो', 'जोबा' आणि 'इच्चा'. पहिल्या प्रकाराला लोक कचरा म्हणून झाडून टाकतात, दुसऱ्याचे कौतुक करतात, आणि दोन्ही वेळा त्यांच्यामागची व्यवस्था पाहायची राहून जाते. शब्द नेमका कुठे तुटला हे पाहिले, तर तोडणाऱ्याच्या हाती त्या वेळी काय होते आणि काय नव्हते ते कळते. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी तुटका शब्द जसाच्या तसा टिपून ठेवावा, असे माझे मत आहे. त्यावर चर्चा व्हावी यासाठी हा धागा.

यंत्राची बाजू आधी घेतो. देवनागरी ओळखण्याच्या जुन्या पद्धतीत प्रथम शब्दाची शिरोरेषा शोधून ती पुसत असत. शिरोरेषा गेली की तिला टांगलेली अक्षरे सुटी होतात. मग वरच्या मात्रा, मधली अक्षरे आणि खालचे उकार असे थर वेगळे करून एकेक आकार ओळखायचा. छपाई स्वच्छ असेल तर ही युक्ती चालते. शिरोरेषा मध्येच विरळ झाली असेल, तर यंत्राला तिथे शब्द संपल्यासारखे वाटते आणि 'राष्ट्रातील' या एका शब्दाचे दोन होतात. जुन्या ठशांतल्या 'ख'च्या दोन भागांत बरीच फट असे, त्यामुळे 'खाणे'चे 'रवाणे' होते, आणि पाककृतीच्या पुस्तकात उलट 'रवा' असेल तिथे 'खा' अशी आज्ञा उमटते. 'भ', 'ध' आणि 'थ' या तिघांच्या माथ्यावरची रेषा डावीकडे तुटलेली असते. ती लहानशी मोकळी जागा शाईने भरली की अनुक्रमे 'म', 'घ' आणि 'य' मिळतात. 'भारत'चा 'मारत', 'धन'चा 'घन' आणि 'थोर'चा 'योर' होण्यामागे हे एकच कारण आहे. काही जुन्या छपाईत 'झ' हा आजच्या 'भ'ला शेपूट लावल्यासारखा दिसतो, त्यामुळे 'झाला' असेल तिथे 'भाला' येतो, आणि साध्यासुध्या चरित्रग्रंथात युद्धाचा भास होतो.

आता मुलीची बाजू. 'कुठे'चे 'तुते', 'नको'चे 'नतो', 'गाडी'ची 'दाडी': जिभेच्या मागच्या भागाने काढायचे 'क' आणि 'ग' ती जिभेच्या टोकाने काढते, आणि हे ती प्रत्येक वेळी करते. 'आजोबा'तला पहिला स्वर ती टाकते. 'रिक्षा'तला 'र' गळतो आणि जोडाक्षराचे द्वित्त होऊन 'इच्चा' उरते. 'चष्मा'चा 'चम्मा' होतो तो त्याच वाटेने. म्हणजे इथेही कारणे थोडी आणि परिणाम पुष्कळ.

दोहोंतला मोठा फरक मात्र एका जुन्या निरीक्षणातून दिसतो. १९६० साली जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी एका मुलाचे उदाहरण नोंदवले. तो मुलगा आपल्या खेळण्यातल्या माशाला 'फिश'ऐवजी 'फिस' म्हणे. मोठ्या माणसाने त्याची नक्कल करून 'हा तुझा फिस का?' असे विचारले की तो मान्य करीत नसे. 'फिश' म्हटले की मात्र चटकन होकार देई आणि पुन्हा स्वतः 'फिस'च म्हणे. त्याच्या कानाने शब्द पुरता धरलेला होता, तुटत होता तो जिभेवर. आमच्याकडे मी 'इच्चा आली' म्हणालो तर नात माझ्याकडे संशयाने पाहते. यंत्राकडे असा दुसरा साठा नसतो. त्याला 'मारत' दिसले, की त्याच्या लेखी पानावर 'मारत'च आहे.

वाचा_श्रवण (वाशी)

धागाकर्त्यांनी बोबड्या शब्दांपासून आरंभ केला आहे. मी वाचादोषांवर उपचार करण्याच्या व्यवसायात आहे, म्हणून त्याच्या आधीच्या पायरीबद्दल लिहिते. साधारण सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान मूल 'बाबाबा', 'ममम', 'दादादा' अशी व्यंजन आणि स्वर यांच्या जोड्यांची माळ लावू लागते. हे तुकडे कोणत्याही शब्दाचे तुकडे नसतात. ओठ मिटून उघडणे ही हालचाल सर्वांत सोपी आणि समोरच्याच्या तोंडावर दिसणारी, म्हणून त्यांत 'ब', 'प', 'म' यांचा भरणा असतो. नंतर घरचे लोक त्यांतला 'बाबा' उचलतात, त्याला माणूस जोडतात आणि मूल ती जोडणी मान्य करते. जगातल्या इतक्या भाषांत आई आणि वडील यांच्यासाठी एकमेकांसारखे शब्द का सापडतात, याचे भाषावैज्ञानिक रोमन याकबसन यांनी दिलेले स्पष्टीकरण याच दिशेचे आहे.

व्यवहाराच्या दृष्टीने सांगावेसे वाटते ते असे, की दहा महिने उलटूनही अशी स्पष्ट माळ ऐकू येत नसेल, तर मुलाची श्रवणचाचणी करून घ्यावी. ज्यांना ऐकू येत नाही अशी बाळेही सुरुवातीला आवाज काढतात, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. पण व्यंजन-स्वरांची ही माळ त्यांच्यात बरीच उशिरा येते. 'आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

पाळणाघर_नेरुळ

माझ्या पाळणाघरात आगरी घरांतली, देशावरून आलेल्यांची आणि हिंदी बोलणाऱ्यांची अशी सर्व मुले एकत्र असतात. त्यामुळे तुटका शब्द कोणता आणि सबंध शब्द कोणता, हे ठरवताना घाई करता येत नाही. एखादे मूल 'पाणी'ला 'पानी' आणि 'डोळा'ला 'डोला' म्हणते, तेव्हा शहरी पालक त्याला बोबडे ठरवतात. आगरी बोलीत 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'ल' हेच घरातले उच्चार आहेत. त्या मुलाने आजीचा शब्द पुरता आणि बिनचूक उचललेला असतो. त्याच खोलीतले दुसरे मूल 'ळ' जमत नाही म्हणून 'ल' म्हणत असते. ध्वनी तोच, कारण वेगळे. मी पालकांना आधी एवढेच विचारते, की घरात आजी-आजोबा या वस्तूला काय म्हणतात.

माझी शंका निराळी आहे. 'मंमं', 'भूभू', 'चिऊ', 'जोजो', 'बाऊ' हे शब्द या चर्चेत कुठे बसवायचे? हे मुलांनी तोडलेले शब्द आहेत असे सर्वजण समजतात.

तळ्याकाठचा (नौपाडा, ठाणे)

ताई, 'पानी'बद्दल आपण लिहिले ते या चर्चेत यायलाच हवे होते, कारण विकिस्रोतावर नेमका हाच अन्याय जुन्या पुस्तकांवर होतो. १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांत 'केलें', 'नाहीं', 'घरांत' असे अनुस्वार असतात, आणि नवा स्वयंसेवक ते शाईचे ठिपके समजून काढून टाकतो. ती त्या काळाची रीत होती.

'मंमं' आणि 'भूभू' यांच्याबद्दल बोलायचे, तर ते बहुतांशी मोठ्या माणसांचे शब्द आहेत. भाषावैज्ञानिक अशोक केळकर यांनी १९६४ साली मराठीतल्या या लाडिक बोलीवर इंग्रजीत स्वतंत्र लेख लिहिला, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या अशा बोलींची तुलना केली, त्या सहांत मराठी आहे. तान्ह्यांशी बोलायचे हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या मोठी माणसेच पुढे देतात. मुलांना झेपतील असे ध्वनी, द्विरुक्ती, सोपी घडण हे सर्व त्यांत आधीच साधलेले असते. 'जोबा' नातीने घडवला आहे, 'भूभू' तिला आम्ही दिला आहे, आणि नोंद करताना हे दोन प्रकार वेगळ्या रकान्यांत जायला हवेत.

मोडीवाचक (कळवा)

आपण सर्वजण शब्द तुटतो असे म्हणत आहात, त्यात शब्द आधी सुटा होता हे गृहीत आहे. मोडी वाचणाऱ्याला हे गृहीत धरता येत नाही. मोडीत लिहिणारा प्रथम कागदभर आडवी रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नाही. दप्तरातला कागद हाती घेतला, की शब्द कुठे संपतो ते वाचणाराच ठरवतो, आणि ठरवतो ते विषय ठाऊक असल्याच्या बळावर. जमिनीचा कागद असेल तर सर्व्हे, चतुःसीमा, बिघे हे शब्द मनात तयार असतात, म्हणून डोळा तिथे थांबतो. नवशिका वाचक मात्र एका शब्दाची शेपटी आणि पुढच्या शब्दाचे तोंड जोडून तिसराच शब्द तयार करतो. तान्ह्या मुलाची अवस्था याहून वेगळी कशी असेल? बोलण्यातही आपण शब्दांमध्ये थांबत नाही. थांबतो असे वाटते, कारण आपल्याला भाषा येते.

तळ्याकाठचा (नौपाडा, ठाणे)

मोडीवाचकांनी जे लिहिले त्याची परीक्षा प्रयोगशाळेत झालेली आहे. जेनी सॅफ्रन, रिचर्ड अ‍ॅस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी १९९६ साली आठ महिन्यांच्या बाळांना यंत्राने तयार केलेली ध्वनींची एक सलग धार फक्त दोन मिनिटे ऐकवली. तीत 'बिदाकु', 'पादोती', 'गोलाबु', 'तुपिरो' अशा तीन-तीन अक्षरांच्या बनावट शब्दांची उलटसुलट पुनरावृत्ती होती. मध्ये विराम नाही, आघात नाही, चढउतार नाही. शब्दाच्या आत 'बि'नंतर 'दा' नेहमीच येई, शब्द संपला की पुढचे अक्षर तीनांपैकी कोणतेही असू शके. सीमा ओळखण्याची एवढी एकच खूण होती. नंतर बाळांना हे शब्द आणि 'शेपटी-अधिक-तोंड' अशा घडणीचे तुकडे वेगवेगळे ऐकवले, तेव्हा तुकड्यांकडे त्यांनी अधिक वेळ लक्ष दिले, कारण ते त्यांना अनोळखी वाटले. म्हणजे कोणते अक्षर कोणामागून येते याचा हिशेब ती दोन मिनिटांत करून बसली होती.

आपल्या नवशिक्या मोडीवाचकाचा 'तिसराच शब्द' आणि ओळीच्या शेवटी तुटून खालच्या ओळीच्या आरंभाशी जुळलेला स्कॅनमधला शब्द, हे दोन्ही या प्रयोगातल्या तुकड्यांचे भाऊबंद आहेत.

खिळेजुळारी (वागळे इस्टेट)

मी आयुष्यभर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, नंतर ऑफसेट छपाई आली आणि खिळे ठेवायची घरांची पेटी भंगारात गेली. आपली चर्चा वाचताना असे वाटले, की सगळा दोष यंत्राच्या माथी मारला जात आहे. पानावरचा तुटका शब्द पुष्कळदा छापखान्यातच तुटलेला असतो.

शिरोरेषा आपल्याला सलग दिसते, पण जुळणीत ती सलग नसते. प्रत्येक खिळ्याच्या माथ्यावर रेषेचा आपापला तुकडा असतो आणि खिळे शेजारी घट्ट बसले तरच ती जुळते. फर्मा, म्हणजे जुळलेल्या पानांची चौकट, ढिला आवळला, किंवा हजारो प्रती काढून खिळ्यांचे माथे झिजले, की रेषेत फटी पडतात. पुढे आलेल्या नाजूक मात्रा आणि रफार तर प्रथम तुटतात. दुसरे असे, की छपाई झाल्यावर खिळे पुन्हा घरांत टाकताना 'घ'च्या घरात 'ध' पडला, तर पुढच्या जुळणीत हात डोळ्यांविना चालतो आणि 'धर' जुळवून मोकळा होतो. त्यातले काही मुद्रितशोधकाने पकडलेले असते, काही पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्रात गेलेले असते. स्कॅन ताडून पाहणाऱ्यांनी आधी शुद्धिपत्र वाचावे. ते वाचल्याशिवाय पान तपासायला घेणे मला पटत नाही.

झीज आणि डाग यांतला भेद ओळखण्याचा एक साधा उपाय आहे. त्याच आवृत्तीची दुसरी प्रत पाहावी. दोन्ही प्रतींत त्याच जागी मात्रा गेली असेल तर खिळा तुटलेला होता. एका प्रतीतच गेली असेल तर शाई, वाळवी किंवा मागच्या पानाचा उमटलेला छाप. आपल्या ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासूनचे आहे. जुन्या आवृत्तीची दुसरी प्रत पाहायची असेल, तर आधी तिथे चौकशी करावी.

ऐरोलीकर

मी संगणकाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. शिरोरेषा पुसून अक्षरे सुटी करण्याची पद्धत आता मागे पडली आहे. टेसरॅक्ट ही अक्षरे ओळखणारी मुक्त प्रणाली २०१८च्या चौथ्या आवृत्तीपासून संपूर्ण ओळ एकत्र वाचते आणि आधी काय आले यावरून पुढचे ठरवते. त्यामुळे तुटक्या वेलांट्या कमी झाल्या. मात्र एक नवे संकट आले आहे, आणि ते मला अधिक गंभीर वाटते. अशी प्रणाली अस्पष्ट जागी निरर्थक तुकडा न देता ओळखीचा, दिसायला निर्दोष शब्द बसवते. 'योर' डोळ्याला खुपतो. 'धन'च्या जागी आलेला 'घन' खुपत नाही. लहान मुलेही चार-पाच वर्षांची झाली की आरतीतला न कळलेला शब्द ओळखीच्या शब्दाने भरतात. 'सदना'चे 'सजणा' करणारे तर मोठेही आहेत.

अशा शब्दांचे पुढे काय होते याचे एक उदाहरण विज्ञानाच्या लेखांत आहे. 'व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी' नावाचे कोणतेही तंत्र अस्तित्वात नाही, तरी हा शब्दप्रयोग अनेक शोधनिबंधांत आढळला. त्याचे मूळ १९५९च्या एका लेखाच्या स्कॅनमध्ये दाखवले जाते: पान दोन रकान्यांचे होते, आणि यंत्राने डाव्या रकान्यातला एक शब्द उजव्या रकान्यातल्या दोन शब्दांना जोडला. खरे तंत्र आहे ते 'स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी'. फारसीत 'व्हेजिटेटिव्ह' आणि 'स्कॅनिंग' यांसाठीच्या शब्दांत एका नुक्त्याचा, म्हणजे ठिपक्याचा, फरक आहे, त्यामुळे भाषांतराच्या वाटेनेही तो शिरला असावा. आता भाषेची संगणकीय प्रारूपेही (लँग्वेज मॉडेल) तो सहजपणे लिहून देतात.

त्या प्रारूपांची आणखी एक कात्री असते. त्यांना मजकूर दिला जातो तो वारंवार आढळणाऱ्या तुकड्यांत कापून. प्रचलित यूटीएफ-८ संकेतात देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि 'क्षे' म्हणजे क, हलन्त (पाय मोडल्याची खूण), ष आणि मात्रा अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. बाइटांवर चालणारी कात्री अक्षराच्या पोटातूनही जाऊ शकते. म्हणून माझा आक्षेप असा: आपण कच्चे तुकडे जपून ठेवले आणि ते उघड्यावर आले, तर उद्या तेच मराठी म्हणून शिकवले जातील.

तळ्याकाठचा (नौपाडा, ठाणे)

आक्षेप रास्त आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. कच्चा तुकडा एकटा ठेवला तरच तो धोक्याचा. पानाचे चित्र, यंत्राने वाचलेले आणि माणसाने ताडलेले, असे तिन्ही शेजारी ठेवले की तोच तुकडा उपयोगाचा होतो. कोणत्या ठशात 'झ'चा 'भ' होतो हे त्याशिवाय पुढच्या यंत्राला शिकवणार तरी कसे? आपण स्वतःच दाखवून दिलेत, की घातक शब्द तो, जो आधीच दुरुस्त झाल्यासारखा दिसतो. त्याच्यावर शिक्कामोर्तब झाले आणि कच्चे वाचन पुसले, तर मागे जाण्याची वाट उरत नाही. विकिस्रोतावर लाल (न ताडलेले), पिवळे (एकाने ताडलेले) आणि हिरवे (दुसऱ्याने पडताळलेले) असे पानाचे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याचा इतिहास टिकतो, ती योजना या दृष्टीने शहाणपणाची आहे.

वाचा_श्रवण (वाशी)

पालकांना नोंदवही ठेवायला सांगताना मी हेच तीन रकाने देते: मुलाने काय म्हटले, त्याला काय म्हणायचे होते, आणि त्या वेळी समोर काय होते. तिसरा रकाना लोक गाळतात, आणि नेमका तोच महत्त्वाचा असतो. 'ताता' हे 'काका' असू शकते, निरोपाचे 'टाटा' असू शकते, किंवा तापलेल्या तव्याबद्दलही असू शकते. मुलाला दहा वेळा 'काका म्हण, काका' असे टोकू नये. आपण बरोबर उच्चार सहज बोलण्यात आणावा. अडीच-तीन वर्षांचे मूल बोलते ते घराबाहेरच्यांना अजिबात समजत नसेल, तर ही वही घेऊन तज्ज्ञाकडे जावे. तिच्यामुळे आमचे निदानाचे काम सोपे होते.

ऐरोलीकर

तीन रकान्यांची सूचना मान्य. एक तांत्रिक प्रश्न उरतो. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांत काय करायचे? ज्या प्रणालीला हिंदी मजकुरावर अधिक शिकवले आहे, ती दोन्ही ठिकाणी रफारच देते, कारण 'आचाऱ्यास'मधला हा दुसरा 'र' हिंदीत नाही. त्याचे संकेतही दोन प्रकारे लिहिले जातात, त्यामुळे शोध घेताना अर्धे शब्द निसटतात.

तळ्याकाठचा (नौपाडा, ठाणे)

माणसाने ताडलेल्या रकान्यात खाली नुक्ता असलेला 'ऱ' आणि त्यापुढे हलन्त, असे एकाच पद्धतीने लिहावे. 'र' आणि हलन्त यांच्यानंतर अदृश्य जोडचिन्ह घालण्याची जुनी पद्धत दिसली तर बदलून घ्यावी. यंत्राच्या रकान्यात मात्र त्याने दिलेला रफार तसाच राहू द्यावा. दक्षिणा आचार्यास द्यायची की आचाऱ्यास, हे वाक्यावरून बहुधा कळते. वाक्यावरूनही कळत नसेल, आणि स्कॅनमध्ये त्या जागी नुसता काळा ठिपका असेल, तर पान पिवळ्या टप्प्यावरच थांबवून खिळेजुळारींनी सांगितल्याप्रमाणे दुसरी प्रत पाहावी. माझ्याकडे सध्या अशी काही पाने आहेत. त्यांचे पृष्ठक्रमांक आणि आवृत्त्या इथेच देतो, म्हणजे ज्यांना ग्रंथसंग्रहालय जवळ आहे त्यांना ती वाटून घेता येतील.